हलका धक्का आणि शिट्टी: रत्नागिरीतलं पंच शिबिर

रत्नागिरीतल्या या दोन दिवसांच्या बास्केटबॉल पंच शिबिराची फी दुसऱ्या दिवशी वसूल होते. पहिला दिवस नियमवाचनात जातो. ते घरीही होतं.

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न घोटून घेतात: स्पर्शामुळे खेळाडूचा वेग, तोल किंवा लय बिघडली का? ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेला डिफेंडरची बोटं लागली, पण तो तसाच बास्केटकडे निसटला, तर शिट्टी नाही. तोच हात टेकून राहिला किंवा पुन्हा पुन्हा लागला, तर फाउल. रिबाउंडच्या, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायच्या, गर्दीत चेंडू कुणाला मिळतोय ते दिसेपर्यंत श्वास रोखायचा. शूट करून हवेत असलेल्याच्या पायाखाली कुणी शिरला, तर मात्र थांबायचं नाही; घोटा तिथेच मुरगळतो.

चूक बहुधा उभं राहण्यात असते. पंच चेंडूच्या मागे धावतो, दोघं खेळाडू एका रेषेत येतात, आणि मधली फट दिसतच नाही. दोन पावलं बाजूला सरकून बघायचा सराव इथे अप्रतिम घेतला जातो.

उणीव एक, आणि ती मोठी आहे: सगळं इनडोअर. आपल्याकडचे बरेच सामने उघड्या सिमेंट कोर्टवर होतात. जांभ्याची बारीक लाल धूळ बसली की खेळाडू स्वतःच घसरतो आणि तो धक्काच वाटतो. चौथ्या क्वार्टरमध्ये पाचव्या सांघिक फाउलपासून (संघातल्या सगळ्यांचे मिळून) समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचे चेंडू, मिळतात, तेव्हा असा चुकीचा फाउल सामना फिरवतो. निदान एक सत्र बाहेर घ्यायलाच हवं.