राहते घर विकावे की रिव्हर्स मॉर्गेज घ्यावे? उतारवयातील एका निर्णयाची तुलना

माझे मामा-मामी डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. मामी सकाळी खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडतात, भाजीवाला ती भरतो आणि मामी ती हळूहळू वर ओढून घेतात. मामांनी आयुष्यभर खासगी कारखान्यात नोकरी केली. त्यांना मिळणाऱ्या ईपीएस (कर्मचारी निवृत्तिवेतन योजना) पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि प्रत्यक्षात त्यांच्या हाती येते ती रक्कमही त्याहून फारशी मोठी नाही. राहत्या घराची किंमत मात्र आज ८० लाखांच्या आसपास आहे. अशा स्थितीतल्या अनेक घरांसमोर दोन वाटा असतात, आणि दोन्हींचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

रिव्हर्स मॉर्गेजची घोषणा २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. घर बँकेकडे गहाण राहते, बँक दरमहा ठरलेली रक्कम देते आणि आपण त्याच घरात राहतो. त्यासाठी अर्जदाराचे वय किमान ६० आणि जोडीदाराचे किमान ५५ असावे लागते, तसेच घर स्वकष्टार्जित आणि निर्वेध, म्हणजे कोणताही बोजा किंवा वाद नसलेले, असावे लागते. त्यामुळे पागडीच्या किंवा वडिलोपार्जित सामाईक घराला ही वाट बंदच असते. मिळणाऱ्या रकमेवर प्राप्तिकर नाही. दोघांच्याही पश्चात वारस कर्ज फेडून घर सोडवू शकतात, नाही तर बँक घर विकून उरलेली रक्कम वारसांना देते. कर्ज घराच्या किमतीपेक्षा वाढले तरी वारसांवर बोजा येत नाही.

आता आकडे पाहू. ८० लाखांच्या घरावर व्याजासह एकूण ६० लाखांपर्यंत कर्ज मंजूर झाले, व्याज ११ टक्के आणि मुदत १५ वर्षे धरली, तर हाती दरमहा सुमारे १३,२०० रुपये येतात. पंधरा वर्षांत एकूण पावणेचोवीस लाख मिळतात आणि उरलेले छत्तीस लाखांहून अधिक व्याजातच जातात. मुदत १० वर्षांची घेतल्यास दरमहा मिळणारा हप्ता २७,६०० च्या घरात जातो, पण तो लवकर थांबतो. मुदत संपल्यावर घर सोडावे लागत नाही, तरी पैसे येणे मात्र बंद होते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात उशिरा येते. ज्याने बासष्टाव्या वर्षी १५ वर्षांची मुदत घेतली, त्याचा हप्ता सत्त्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे औषधांचा खर्च वाढण्याच्या काळातच थांबेल.

घर विकून ४० लाखांचे लहान घर घेतले, तर ठाणे किंवा पुणे महापालिकेच्या हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्काचे २.८ लाख आणि नोंदणीचे ३० हजार जातात. दलाली, हलवाहलव, डागडुजी आणि नव्या घरात न गुंतवलेल्या भांडवली नफ्यावरचा (विक्रीतील फायद्यावरचा) कर यांसाठी आणखी ७ लाख बाजूला ठेवले, तरी सुमारे ३० लाख उरतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची कमाल मर्यादा नेमकी तेवढीच आहे. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये मिळतात. हे व्याज करपात्र आहे आणि पाच वर्षांनी मुदत वाढवताना दर बदललेला असू शकतो, पण मुद्दल शाबूत राहते. मला या वाटेचा सर्वांत मोठा आधार वाटतो तो हाच, कारण ऑपरेशनसाठी अचानक पाच लाख लागले, तर काही वजावट सोसून का होईना, ते आपल्याच पैशांतून काढता येतात.

तरीही पैशांच्या हिशेबावर हा प्रश्न सुटत नाही. घर विकले की तीस वर्षांचा शेजार, ओळखीचे डॉक्टर आणि रात्री-अपरात्री हाक मारली की धावून येणारी माणसे मागे राहतात. म्हणून नवे घर त्याच परिसरात, पण तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत शोधावे. दुसरीकडे, रिव्हर्स मॉर्गेज घेतल्यावर मालमत्ता कर आणि विमा वेळेवर भरावाच लागतो, आणि सलग वर्षभर घर बंद ठेवून मुलीकडे परदेशी राहिल्यास बँक कर्ज परत मागू शकते. जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली, तर गहाण घरासाठी बँकेची संमती मिळवण्याचे कामही म्हाताऱ्या माणसांच्याच अंगावर येते.

माझे मत असे आहे की, वय सत्तरीच्या आत असेल, पाय चालत असतील आणि इमारत जुनी असेल, तर विकून लहान घर घ्यावे, कारण हलण्याची ताकद असते तोवरच हलणे शक्य असते. वय पंचाहत्तरीच्या पुढे असेल, इमारत धड असेल, मुले नसतील किंवा त्यांना घराची अपेक्षा नसेल, तर रिव्हर्स मॉर्गेज अधिक माणुसकीचे ठरते.

मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून निर्धास्त व्हावे, ही तिसरी वाट नातेवाईक हमखास सुचवतात. ती घ्यायचीच असेल, तर आई-वडिलांना सांभाळण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ती अट मोडली, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकते.

मामांना मी घर विकून लहान घर घेण्याची वाट सुचवली आहे. सध्या ते रोज संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडची तळमजल्यावरची घरे पाहायला जातात, आणि मामींची एकच अट आहे, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे.