पक्षाघातानंतरचा हात मोजायचा कसा: फ्युगल-मायर की ॲरॅट?

न्यूरो रिहॅबची (मेंदूच्या आजारानंतरच्या पुनर्वसनाची) नवी ओपीडी सुरू करताना किंवा एमपीटी-एमओटीच्या (फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाचा विषय ठरवताना बरेच जण पक्षाघातानंतर हाताची सुधारणा कुठल्या चाचणीने मोजायची याच प्रश्नावर अडतात. हाताच्या चाचण्या ढीगभर आहेत, पण खरी निवड दोघींतच होते. २०१७ साली वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी पक्षाघाताच्या अभ्यासांसाठी मोजमापांचा एक किमान संच सुचवला. त्यात हालचाल किती परत आली हे बघायला फ्युगल-मायर आहे आणि हाताने काम किती होतं हे बघायला ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट, म्हणजे आपली ॲरॅट. दोन्ही ठेवल्या, कारण दोघींचे प्रश्न वेगळे आहेत. वेळ मात्र बहुतेकांकडे एकीपुरताच असतो.

फ्युगल-मायर १९७५ ची, स्वीडनमधल्या गोथेनबर्गची. हाताच्या भागात ३३ बाबी, प्रत्येकी ० ते २, एकूण ६६ गुण. त्यांतले ३६ खांदा, कोपर आणि कोपराखालच्या भागाला, १० मनगटाला, १४ पंजाला, ६ समन्वयाला. हिच्यामागचा विचार पक्का आहे. पक्षाघातानंतर हात हलू लागतो तो बहुधा एकगठ्ठा: खांदा उचलायला गेलं की कोपर आपोआप दुमडतं, बोटं मिटतात. सुधारणा होत गेली की सांधे एकेक करून सुटे होतात. या वाटेवर पेशंट कुठवर आलाय, ते ही चाचणी सांगते. सामानही किरकोळ: रिफ्लेक्स हॅमर, कागद, पेन्सिल, छोटा डबा, टेनिसचा चेंडू, स्टॉपवॉच. वेळ मात्र अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि सांधा खरंच सुटा हलला की बाकीच्या अंगाने ओढून नेला हे ओळखायला नजर तयार असावी लागते.

ॲरॅट लायल यांनी १९८१ मध्ये मांडली. गटागटांत वाटलेली १९ कामं, प्रत्येकी ० ते ३, एकूण ५७ गुण. लाकडी ठोकळे उचलून फळीवर ठेवायचे, एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, गोटी आणि ६ मिलिमीटरचा छर्रा अंगठा आणि एकेका बोटाच्या चिमटीत धरायचा, हात तोंडापर्यंत न्यायचा. सामानात चक्क क्रिकेटचा चेंडू आहे, आणि आपल्याकडच्या पेशंटला तो कसा धरायचा हे समजावून सांगावं लागत नाही. रचनाही हुशार आहे. प्रत्येक गटातलं सगळ्यात अवघड काम आधी द्यायचं. ते नीट जमलं तर त्या गटाचे पूर्ण गुण. नाही जमलं तर सगळ्यात सोपं द्यायचं. तिथे शून्य आलं तर गट तिथेच संपला. त्यामुळे बऱ्याचदा दहा मिनिटांत काम आटपतं. तयार किट महाग असतं, पण वस्तूंची मापं ठरलेली आहेत आणि चांगला सुतार ठोकळे-फळी बनवून देतो. मापात मात्र तडजोड नको, नाहीतर तुमचे गुण दुसऱ्या कुणाच्या गुणांशी ताडून बघता येणार नाहीत.

निवडीचा खरा मुद्दा इथे आहे. पेशंटने पाठ पुढे झुकवून, खांदा उडवून ठोकळा फळीवर ठेवला, तर ॲरॅटमध्ये त्याला ३ नाही तरी २ मिळतात. काम झालं ना! फ्युगल-मायर अशी पळवाट फारशी देत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांतही हेच दिसलं. कॅनडातले मेंदू-संशोधक इयान व्हिशॉ यांच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या हालचालीच्या भागाला इजा झालेले उंदीर काही काळाने पुढच्या पायाने पुन्हा दाणा उचलू लागले, पण संथ चित्रण पाहिलं तर पंजाची जुनी हालचाल परतलेली नव्हती. अंग वळवून ते दाण्यापर्यंत पोहोचत होते. म्हणून जुनी हालचाल खरोखर परत येतेय का हा प्रश्न असेल तर फ्युगल-मायर घ्या. पेशंटला कामाला जायचंय, हात उपयोगी पडतोय का एवढंच कळायला हवं असेल, तर ॲरॅट.

पहिल्या काही आठवड्यांत पंजा अगदी लुळा असेल, तर ॲरॅटवर शून्याच्या आसपासच गुण येतात आणि खांद्या-कोपरातली खरी सुधारणा नोंदलीच जात नाही. तिथे माझा कौल निःशंक फ्युगल-मायरला. हात बराच सुधारल्यावर दोन्ही चाचण्यांत गुण वरच्या टोकाला जाऊन थांबतात. मग नऊ खुंट्यांची पेग टेस्ट लावा, खुंट्या भोकांत बसवून काढायला लागणारा वेळ ती सेकंदांत मोजते.

फरक किती पडला तर तो खरा मानायचा? जुन्या पक्षाघातात फ्युगल-मायरवर साधारण ५ गुण आणि ॲरॅटवर साधारण ६ गुण धरतात. सुरुवातीच्या काळात हा आकडा लागू करू नका. २००८ च्या एका अभ्यासात त्या टप्प्यावर पेशंटला जाणवण्याजोगा बदल ॲरॅटवर १२ गुणांचा निघाला, तोही नेहमी कामाला वापरायचा (बहुतेकांचा उजवा) हात बाधित असेल तर. दुसरा हात असेल तर १७.

जेब्सन-टेलर ही हाताची आणखी एक चाचणी मी आपल्या पेशंटसाठी सहसा सुचवणार नाही. तिच्या सात कामांत लिहिणं आहे आणि चमच्याने राजम्याचे दाणे उचलणं आहे. भाकरी मोडून पाच बोटांनी घास करणाऱ्या, कधी शाळेत न गेलेल्या आजींच्या हाताबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही. तसं पाहिलं तर घास करणं फ्युगल-मायर आणि ॲरॅटमध्येही नाहीच. ते वेगळं बघून नोंदवा.

आणि एक गोष्ट यांतली कुठलीच चाचणी सांगत नाही: घरी गेल्यावर हात वापरला जातो का. ओपीडीत चांगले गुण मिळवणाऱ्या पेशंटचा शर्ट घरी बायको घालून देत असते, नळ दुसऱ्या हाताने सोडला जातो, आणि असलेली ताकद बिनवापराची राहते. त्यासाठी एडवर्ड टॉब यांच्या गटाची मोटर ॲक्टिव्हिटी लॉग ही मुलाखत आहे. रोजच्या एकेका कामाबद्दल विचारायचं: बाधित हात किती वापरता, आणि कितपत जमतं? दोन्हीला ० ते ५ गुण. पेशंटला आणि घरच्यांना वेगवेगळं बसवून विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर पुढच्या आठवड्याच्या थेरपीची सुरुवात त्याच कामापासून करा.