जडावकामाचं डायनिंग टेबल: भरीव सागवान की विनिअर?

मी दोन टेबलं स्वतः केली आहेत. पहिलं २०१६ साली, भरीव सागवानाचं. दुसरं २०२० मध्ये, १९ मिलिमीटरच्या प्लायवर सागवानी विनिअर, म्हणजे लाकडाचा अगदी पातळ काप, लावून. दोन्ही सहा बाय तीन फुटांची. नक्षीही मुद्दाम तीच ठेवली: काठापासून दोन इंच आत, चारी बाजूंनी फिरणारी ३ मिलिमीटर रुंद पितळी पट्टी, तिच्या आत शिसवीची बारीक रेघ आणि चार कोपऱ्यांत हळदूच्या लाकडाच्या छोट्या कोयऱ्या. पहिलं टेबल चार वर्षं आमच्याकडे पुण्यात होतं, आता साताऱ्याला बहिणीकडे आहे. दुसऱ्यावर आम्ही रोज जेवतो. पुढे लिहिलंय ते या दोन टेबलांवरून हात फिरवून कळलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचावं.

ज्यांना नक्षी नकोच आहे, त्यांनी भरीव सागवान घ्यावं आणि परवडत असेल तर फार विचार करू नये. प्रश्न येतो तो जडावकाम, म्हणजे लाकडात पितळ किंवा दुसरं लाकूड बसवून केलेली नक्षी, करायचं ठरल्यावर.

विनिअर म्हटलं की आपल्याकडे चेहरे पडतात. वाड्याची दारं, आजोबांचा पलंग, जेवायचे पाट, सगळं भरीव बघत आपण मोठे झालो. त्यामुळे वरून चिकटवलेलं म्हणजे फसवलेलं, असं मनात पक्कं बसलंय. माझ्याही बसलं होतं. मग सादेलीच्या पेट्यांविषयी वाचलं. एकोणिसाव्या शतकात सुरत आणि मुंबईचे कारागीर हे काम करत, आणि विलायतेत त्या पेट्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत. आबनूस, हस्तिदंत, कथील यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून जुडी करायची, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे आणि ते काप लाकडाच्या पेटीवर बसवायचे. म्हणजे आपल्याच शहरांतलं इतकं नाजूक जडावकाम मुळात पातळ थर चिकटवूनच होत होतं. मैसूरच्या शिसवीकामात लाकूड कोरून त्यात तुकडे बसवतात, ती रीत वेगळी. दोन्ही रीती अस्सलच आहेत. टेबलाला कोणती मानवते, एवढंच बघायचं.

पहिलं टेबल मी जानेवारीत पुरं केलं. लाकूड पुण्यातल्या एका पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं होतं. विकणारा म्हणाला होता, ‘‘शंभर वर्षांचं लाकूड आहे साहेब, याला आता काही होत नाही.’’ मीही ते मानलं. पट्टी खाचेत इतकी चपखल बसली होती की डोळे मिटून हात फिरवला तर लाकूड कुठे संपलं आणि पितळ कुठे सुरू झालं ते कळत नसे.

एप्रिलच्या शेवटी एकदा आई टेबल पुसत होती. म्हणाली, ‘‘अरे, इथं फडकं अडकतंय बघ.’’ मी नख फिरवलं. टेबलाच्या आखूड बाजूची पट्टी मधोमध उचलली होती, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. डोळ्यांना दिसत नव्हती, पण फडक्याला बरोबर सापडत होती. प्रत्येक पुसण्याला एखादा धागा तिथं राहायचा. पट्टीखाली वरणाचा ओघळ जाऊन वाळायचा, तो टाचणीनं काढावा लागायचा. मी पट्टी उचलून खालचा भाग खरवडला, अराल्डाइट भरलं, वर विटा ठेवून रात्रभर दाबलं. ठीक झालं. पावसाळ्यात त्याच पट्टीच्या दोन्ही टोकांना फट दिसू लागली आणि तिथं कणीक साचायला लागली. दिवाळीनंतर फट बुजली. पुढच्या एप्रिलमध्ये पट्टी पुन्हा वर.

असे चार उन्हाळे गेले. आईनं आखूड बाजू सोडून मधलंच पुसायची सवय लावून घेतली. चौथ्या वर्षी एका संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिकचं कव्हर होतं. आई काही बोलली नाही, मीही नाही. पण ज्या नक्षीसाठी मी तीन महिने शनिवार-रविवार घालवले, ती आता प्लास्टिकखाली होती, आणि आईचं काहीच चुकलं नव्हतं. पुढचं टेबल कसं करायचं, ते त्या संध्याकाळी ठरलं.

कारण साधं आहे. लाकूड लांबीत, म्हणजे त्यातल्या रेषांच्या दिशेनं, जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. हवेतली ओल घेऊन फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी, तरी ओल्या ओंडक्यापासून पूर्ण वाळेपर्यंत ते रुंदीत साधारण २.५ ते ६ टक्के आकसतं. फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे त्यावर आकडा ठरतो. टेबल झाल्यावर वर्षभरात होते ती हालचाल याचा छोटासा भाग. माझ्या टेपनं मे आणि ऑगस्टमधला फरक तीन फुटांत पाच मिलिमीटरच्या आसपास आला. पितळाला हवेच्या ओलीशी काही देणंघेणं नाही. लाकूड आकसलं की रेषांना आडवी बसवलेली पट्टी खाचेपेक्षा लांब ठरते, आणि तिला वर येण्यावाचून जागा उरत नाही. लांब बाजूंच्या पट्ट्या, ज्या रेषांच्या दिशेनं होत्या, त्या चार वर्षांत केसभरही हलल्या नाहीत. शिसवीच्या रेघेचंही तसंच. लांब बाजूंना नीट, आखूड बाजूंना दोन ठिकाणी तडकली.

जुनं लाकूड हलत नाही, हा समज खोटा आहे असं मी आता निश्चित म्हणेन. ताजं लाकूड सुकताना वेडंवाकडं होतं तसं जुनं होत नाही, हे खरं. पण पावसाळ्यात ते ओल घेतं आणि उन्हाळ्यात सोडतं, शंभर वर्षांनंतरही. दुसरी गोष्ट, कोकणापेक्षा घाटावर आणि विदर्भात हा त्रास जास्त व्हावा असं मला वाटतं. कोकणात ओल बारा महिने असते, त्यामुळे फरक कमी पडतो. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी ओठ फुटतात आणि जुलैमध्ये कपडे चार दिवस वाळत नाहीत. लाकडाला छळतो तो हा फरक. माझ्या आतेभावानं इथून अमेरिकेला नेलेला भरीव चौरंग तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात, घर तापवणाऱ्या कोरड्या हवेत, मधोमध चिरला.

प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. एक थर हलू पाहतो, त्याला शेजारचा धरून ठेवतो. म्हणून दुसऱ्या टेबलावर पितळ चारी बाजूंनी फिरलं तरी त्याच्याशी भांडायला कोणी नाही. दर एप्रिलमध्ये मी आखूड बाजूवरून नख फिरवून बघतो. आजवर एकदाही अडकलेलं नाही. कव्हरही परत आलेलं नाही.

विनिअरचं काम मात्र हाताला जास्त जड गेलं, हे सांगायला हवं. बाजारातलं विनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. भरीव लाकडात पट्टी थोडी वर राहिली तर कानस आणि पॉलिश पेपरनं बिनधास्त सपाट करता येते, आजूबाजूचं लाकूड थोडं गेलं तरी खाली लाकूडच आहे. विनिअरवर तसं केलं की खालचा प्लाय डोकावतो. माझ्या टेबलावर खिडकीकडच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा फिका ठिपका आहे. रंग लावून झाकलाय, पण मला तो रोज दिसतो. तेव्हा पट्टी बसवताना खाच इतकी अचूक घ्यावी की पितळ केसभरच वर राहील. कानशीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ती विनिअरला खात नाही. पट्टी सपाट करण्याआधी लाकडावर चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्यावा, नाहीतर पितळाची काळी भुकटी सागवानाच्या छिद्रांत बसते आणि निघता निघत नाही. हे शेवटचं भरीव लाकडालाही लागू आहे.

घरी दाबयंत्र नसतं. मी विटा आणि वाळूच्या पिशव्या वापरल्या, आणि दोन ठिकाणी फुगा राहिला. नखानं टिकटिक केलं की पोकळ आवाज येतो, तिथं फुगा. रेषेच्या दिशेनं ब्लेडची चीर देऊन इंजेक्शनच्या सुईनं डिंक सोडला, कागद ठेवून वर वजन दिलं, बसला. पुन्हा करायची वेळ आली तर मी जवळच्या कारखान्यात प्लायवर विनिअर दाबून आणेन आणि जडावकाम घरी करेन.

गरम भांड्याचं म्हणाल तर भरीव लाकूड सरळसरळ सरस. लाकूडकामाचा नेहमीचा पांढरा डिंक उष्णतेनं मऊ पडतो, आणि चुलीवरून उतरवलेला कुकर थेट विनिअरवर ठेवला तर थर सुटू शकतो. आमच्याकडे टेबलावर कायम दोन जाळ्या असतात. ज्या घरात ही शिस्त जमणार नाही, तिथं माझं मत बाजूला ठेवावं. वाळवीच्या बाबतीतही सागवानाचा गाभा कुठल्याही प्लायपेक्षा मला भरवशाचा वाटतो, फक्त फळीतला बाहेरचा पांढरट भाग घेऊ नये.

भरीव लाकडाच्या बाजूनं हमखास ऐकू येणारा मुद्दा असा: दहा वर्षांनी रंधा मारा, पॉलिश करा, टेबल नवं. साध्या टेबलासाठी हे शंभर टक्के खरं. पण पितळावरून रंधा चालत नाही, पात्याची धार जाते. शिसवीची रेघ आणि कोयऱ्या जेमतेम दोन मिलिमीटर खोल असतात, दोन-तीनदा घासल्या की संपतात. मग पॉलिश पेपरनं हलकं घासणं तेवढं उरतं, आणि तेवढं विनिअरवरही एखाद-दुसऱ्या वेळेला होतं. जडावकाम केलं की भरीव लाकडाचा सगळ्यात मोठा फायदा हातातून निम्मा जातो. ही गोष्ट मला पहिलं टेबल करताना कोणी सांगितली नव्हती.

हळदीचे डाग दोन्हींवर सारखेच पडतात. उघड्या खिडकीतल्या उन्हानं बऱ्यापैकी उडतात, घाबरू नये.

तरी काहींचं मन भरीव लाकडावरच असेल, आणि मला ते समजतं. त्यांनी पट्ट्या फक्त लांबीच्या दिशेनं घ्याव्यात आणि मध्यभागी एखादी छोटी नक्षी करावी. पट्टी चारी बाजूंनी फिरवायचा मोह टाळावा. वरचा भाग खालच्या चौकटीला आवळून चिकटवू नये, स्क्रूची भोकं लांबट ठेवावीत म्हणजे त्याला हलायला वाव राहतो. साताऱ्याच्या टेबलाच्या आखूड बाजूंची पट्टी मी नंतर काढली आणि चार-चार इंचांचे तुकडे करून, मध्ये बारीक जागा सोडून पुन्हा बसवली. आता ती उचलत नाही. रेघ तुटक दिसते, पण बहिणीला आवडते.

एक मधला मार्गही आहे. आरागिरणीतून एकाच चांगल्या फळीचे दोन-अडीच मिलिमीटरचे काप काढून घेता आले, तर ते प्लायवर लावावेत. घासायला जाडी मिळते, शेजारी शेजारी लावलेल्या कापांच्या रेषा एकमेकांशी जुळतात आणि प्लायचं स्थैर्यही मिळतं. मला तशी गिरणी मिळाली नाही. मिळाली तर तिसरं टेबल तसंच करायचं आहे.

तुमच्या घरी टेबल रोज ओल्या फडक्यानं पुसलं जाणार असेल आणि नक्षी चारी बाजूंनी फिरायला हवी असेल, तर माझा कौल विनिअरला. काठाला एक इंचाची भरीव सागवानी पट्टी जरूर लावा, आणि ती विनिअर झाल्यावर लावा; विनिअरची उघडी कड सगळ्यात आधी टवका सोडते. आणि टेबलाच्या खालच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचं विनिअर हवं, साधं चालेल. मिस्त्री म्हणतील, ‘‘खाली कोण बघतंय?’’ खाली नाही लावलं तर वर्षभरात टेबल पन्हळीसारखं वाकायला लागतं, म्हणून लाकूड आणायला जातानाच त्या दुसऱ्या शीटचे पैसे हिशेबात धरून जा.