संत्र्याच्या पिकअपवर मुक्काम: दहा महिने, सतरा रात्री

आमची पिकअप वर्षातले चार-पाच महिने संत्रा वाहते. आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आसपास सुरू होते, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात कधी खताच्या बॅगा, कधी कापसाची चुंगडी, कधी कोणाच्या लग्नाचं सामान. उरलेल्या दिवसांत ती गोठ्याशेजारी उभी असायची. गेल्या सप्टेंबरात मी ठरवलं की या उभ्या दिवसांत तिला मुक्कामाची गाडी करायची. आता जुलै चालू आहे. सतरा रात्री आम्ही तिच्यावर झोपलो आहोत: मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. काय टिकलं, काय फसलं, किती लागले, ते लिहितो. वरुड-मोर्शीकडे पिकअप घरोघरी आहेत, कोणाला तरी कामी येईल.

गाडी एक टनाची, सिंगल केबिनची. ती मुक्कामाला वापरायची म्हटल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी कमवाले घेतली का झोपाले?" प्रश्न रास्त होता. म्हणून आमच्यात एक अट ठरली. व्यापाऱ्याचा फोन आला की अर्ध्या तासात डाला, म्हणजे माल भरायचा मागचा भाग, रिकामा झाला पाहिजे. या अटीमुळे माझे पैसे वाचले. तोवर मी मोबाइलवर परदेशातल्या गाड्या पाहत होतो, ड्रॉवर, कपाटं, टपावरचा तंबू. त्यातलं काहीही अर्ध्या तासात निघत नाही, आणि टपावरच्या तंबूच्या पैशात वर्षाची फवारणी निघते.

पलंगाचा प्रश्न कॅरेटने सोडवला. डाला टेपने मोजला तर आतून आठ फूट दोन इंच लांब, साडेपाच फूट रुंद. आमचं संत्र्याचं कॅरेट ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद, उंची साधारण फूटभर. आडवी तीन लावली तर १६२ सेंटिमीटर, डाल्याच्या रुंदीत जेमतेम बसतात. अशा पाच रांगा म्हणजे १८० सेंटिमीटर. पंधरा कॅरेट, आणि फाळक्याकडे, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या दाराकडे, सव्वादोन फुटांची जागा स्वयंपाक आणि पाण्याच्या जारसाठी मोकळी. मापं जुळली तेव्हा मी अंगणात कॅरेट मांडून त्यावर तसाच आडवा झालो. पाय थोडे बाहेर जातात, पण तिथे सामानाची पेटी ठेवली की भागतं. ही कॅरेट भरली की एकावर एक पाच-सहा रचतो, म्हणजे तळाच्या कॅरेटवर शंभर किलोच्या आसपास वजन येतं. तीन माणसांचा भार पंधरा कॅरेटांत वाटला गेला तर त्यांना काहीच होत नाही.

वर १२ एमएमची प्लाय. आठ बाय चारच्या दोन शीट घेतल्या, ३,६०० रुपये. प्रत्येकीतून १८० बाय ८१ चा तुकडा काढला. एक तुकडा अकरा किलोच्या आसपास भरतो, एकटा माणूस उचलतो. दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि चार रॅचेट पट्ट्यांनी कॅरेटसकट डाल्याच्या कड्यांना आवळायचे. वेल्डर म्हणत होता, "भाऊ, अँगलची फ्रेम मारून देतो, हालनार नाही." मी नको म्हटलं, आणि दहा महिन्यांनंतरही तो निर्णय बरोबर वाटतो. कॅरेटांचं तोंड वर असल्यामुळे प्लाय उचलली की खाली पंधरा कप्पे तयार. एका रांगेत कपडे, एकीत भांडी, एकीत दोर आणि अवजारं. हंगाम आला की तीच कॅरेट बागेत जातात. एकच चूक झाली, प्लायच्या कडांना आधी रंग दिला नाही. पहिल्याच पावसाळी मुक्कामात एक कड फुगली. कापल्या दिवशीच कडांना ऑइलपेंटचे दोन हात द्या.

गादी आधी घरचीच, कापसाची घेतली. नोव्हेंबरात धरणाच्या काठावर दोन रात्रींतच ती दवाने इतकी जड झाली की दिवसभर उन्हात टाकावी लागली. मग फोमची बनवून घेतली, ३,२०० रुपये. सगळ्या खर्चात मला सर्वांत वाजवी हीच वाटते.

जमिनीपासून ही गादी चार फुटांवर येते. आपल्याकडे याला मोल आहे. जमिनीवरच्या तंबूत विंचू-साप मनातून जात नाही. बायकोने आधी स्पष्ट सांगितलं होतं की खाली झोपणार नाही. गाडीवर ती पहिल्या रात्रीपासून निवांत झोपली. मच्छरदाणी शिंप्याकडून डाल्याच्या मापाची शिवून घेतली, ९०० रुपये, खालची कड गादीखाली खोचता येईल एवढी लांब. गाडी मात्र सपाट उभी पाहिजे. मी प्लायवर पाण्याची अर्धी बाटली आडवी ठेवून बघतो आणि पुढच्या चाकाखाली लाकडी गुटका घालतो. थोडा उतार राहणारच असेल तर डोकं चढाकडे.

छपराला सर्वांत जास्त वेळ गेला. डाल्याच्या कठड्यात ताडपत्रीच्या पाइपसाठी खोबणी असतातच. त्यांत बसतील अशा इंची पाइपच्या चार कमानी वाकवून घेतल्या, वेल्डिंगसकट २,८००. गाडी चालताना त्या काढून पट्ट्यांखाली आडव्या ठेवतो आणि मुक्कामावर उभ्या करतो. दोघांना बारा-पंधरा मिनिटं लागतात. ताडपत्री पहिल्यांदा स्वस्तातली निळी घेतली, १२० जीएसएमची (चौरस मीटरला १२० ग्रॅम), ९०० रुपयांत. ती चार महिन्यांत घड्यांवर चिरली. आपल्या उन्हात पातळ प्लास्टिक टिकत नाही. मग २५० जीएसएमची घेतली, २,००० रुपये, आणि ती उन्हाळा काढून अजून धड आहे. वाऱ्यात ताडपत्री फडफडली की झोप लागत नाही. त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून दोर आणि कडीच्या मध्ये घातल्या. रबर ताण घेतं, आवाज बंद होतो, कड्याही उपटत नाहीत.

उन्हाळ्यात नुसत्या ताडपत्रीखाली दुपारी बसवत नाही. एप्रिलच्या शेवटी मी रोपवाटिकेची उरलेली हिरवी शेडनेट वर टाकली, पण ताडपत्रीला चिकटवून. काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी मध्ये वीतभर अंतर राहील अशी दोर बांधून ताणली, तेव्हा आत बसता येऊ लागलं. ऊन जाळीवर थांबतं आणि मधली हवा उष्णता घेऊन निघून जाते. फुकटच्या वस्तूने झालेला हा सर्वांत मोठा फायदा. तरीही मे महिन्यात दुपारी गाडी आंब्याच्या किंवा चिंचेच्या सावलीतच लावा. ४४-४५ अंशांत जाळीचं काही चालत नाही.

थंडीचा अनुभव चिखलदऱ्याचा. डिसेंबरात गेलो, उंची अकराशे मीटरच्या आसपास, परतवाड्याहून वर घाट. पहिल्या रात्री आम्ही ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधली. पहाटे आतून पाणी टपकत होतं, तिघांच्या श्वासाची वाफ थंड ताडपत्रीवर जमून. दुसऱ्या रात्री पुढे वरच्या बाजूला आणि मागे हातभर फट ठेवली. गारवा थोडा वाढला, पण अंथरूण कोरडं राहिलं. खालून येणारी थंडी रिकाम्या चुंगड्यांनी अडवली, प्लाय आणि गादीच्या मध्ये दोन थर. तिथे एका म्हाताऱ्या बाबाजींनी मायेने सुचवलं की घमेल्यात निखारे घेऊन आत ठेवा. कोणीही असं करू नका. बंद जागेत निखाऱ्यांचा वायू झोपेतच माणूस मारतो, त्याला वास येत नाही. गॅसची शेगडीसुद्धा आम्ही फाळक्याबाहेर, मोकळ्या हवेत पेटवतो.

विजेसाठी वेगळं काही घेतलं नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी शेतात झटका मशीन आहे, कुंपणाच्या तारेत विजेचा हलका झटका सोडणारं, तिची १२ व्होल्ट २६ एएचची (अँपियर-अवर) बॅटरी आणि ४० वॅटचं सोलर पॅनेल उन्हाळ्यात मोकळं असतं. हिशोब असा: बॅटरीत साधारण ३१२ वॅट-अवर, आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणजे हाताशी दीडशे. चौदा वॅटचा डीसी पंखा आठ तास म्हणजे ११२, दिवा १५, दोन मोबाइल २४. एक रात्र बरोबर निघते. दुसऱ्या रात्रीसाठी दिवसा पॅनेल उन्हात पाहिजे आणि गाडी सावलीत, म्हणून पाच मीटर वायर घेतली. पॅनेल तापलं की कमी देतं, दर अंशाला अर्ध्या टक्क्याच्या जरा खाली. आपल्याकडे मेमध्ये ते ६५ अंशांवर सहज जातं, त्यामुळे लिहिलेल्या वॅटवर हिशोब धरू नका. पॉझिटिव्ह वायरला बॅटरीपासून वितीच्या आत दहा अँपियरचा फ्यूज लावा. गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीला हात लावू नका, सकाळी गाडी चालू व्हायला हवी. हिवाळ्यात हरभरा उभा असतो तेव्हा मशीन हलवता येत नाही. त्या दिवसांत फवारणी पंपाची १२ एएचची बॅटरी काढून नेतो, पंखा लागत नसल्यामुळे तेवढी पुरते.

याच ठिकाणी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. फवारणीचा पंप धुऊन शॉवरसारखा वापरता येतो असं मला दोन ठिकाणी सुचवलं गेलं. टाकी कितीही धुतली तरी नळी, वायसर, नोझल यांत औषध राहतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती टाकी लेकरांच्या अंगावर रिकामी करायची वस्तू नाही. आंघोळीला बादली आणि तांब्या पुरतो. बॅटरीही मी पुसून, वेगळ्या डब्यात नेतो.

प्रवासाबद्दल. रिकामी पिकअप मागून उडते, स्प्रिंगचे पाटे एक टनासाठी असतात. एका मिस्त्रीने दोन पाटे काढायला सांगितलं. संत्रा वाहायचा असल्याने मी ऐकलं नाही. मागच्या टायरची हवा दाराजवळच्या पट्टीवर रिकाम्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर आणली आणि पाण्याचे चार जार मागच्या धुरीवर (ॲक्सलवर) येतील असे बांधले. दगदग बरीच कमी झाली, गेली नाही. मुरमाच्या रस्त्यावर धूळ मागूनच आत ओढली जाते. फाळक्याच्या फटीला ट्यूबची पट्टी लावली, तरी पीठ-साखर झाकणाच्या डब्यातच ठेवतो.

ऑक्टोबरात परतीच्या पावसाने आम्हाला धडा दिला. मोर्शीजवळ सिंभोऱ्याच्या धरणाच्या फुगवट्याकडे ओळखीच्या वावराशेजारी गाडी लावली होती. रात्री तासभर पाऊस झाला. सकाळी काळ्या मातीत मागची चाकं नुसती जागेवर फिरत होती. उरलेल्या प्लायच्या पट्ट्या चाकाखाली घातल्या, त्या मोडल्या. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरने टोचन दिलं, म्हणजे गाडी बांधून ओढून काढली. "काळ्या वावरात रिकामी गाडी टाकता काय भाऊ? वजन तं पायजे ना मांगं," म्हणाले. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. तेव्हापासून ढग नसले तरी गाडी मुरमावरच उभी करतो आणि जाड दोर सोबत असतो.

कुठे थांबायचं हेही आधी ठरवून निघा. मेळघाट असो की ताडोबा, जंगलात मनाला येईल तिथे मुक्काम करता येत नाही, आणि करूही नये. आम्ही नातेवाइकांची वावरं, देवस्थानांची आवारं, गावातल्या लोकांना विचारून मिळालेली जागा, एवढ्यावरच भागवलं. लोणारला तर भाच्याच्या अंगणात गाडी लावली आणि सकाळी पायी सरोवराच्या काठावर गेलो. विचारल्यावर आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

कायद्याचं एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही ज्याने नोंदणीतला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल. म्हणून गाडीला वेल्डिंग नाही, छिद्रं नाहीत, सगळं माल म्हणून बांधलेलं आणि सुटणारं. जोडकाम कायमचं केलं तर अपघातात विम्याचा दावाही अडू शकतो. आणि चालत्या गाडीत मागे कोणीही बसत नाही, किलोमीटरभरसुद्धा नाही. तिघं पुढे मावतो, चौथा माणूस आला तर तो बसने येतो.

एकूण कामाचा खर्च १५,१०० रुपये. वाया गेले २,७००: ती निळी ताडपत्री आणि १,८०० ची एलईडी पट्टी. पट्टी दोनदा लावली, दोन्ही वेळा एवढे किडे आले की जेवण सोडून दिवा बंद करावा लागला. पिवळा पाच वॅटचा दिवा कमानीला टांगला की पुरतो.

पाऊस अजून पूर्ण जमलेला नाही. जूनमध्ये सालबर्डीला रात्रभर पाऊस लागला, तेव्हा दोन कमानींच्या मध्ये ताडपत्रीला झोळ पडून बादलीभर पाणी साचलं आणि पहाटे ते एका दमात मुलीच्या पायांवर आलं. घरी आल्यावर बांधावरचा बांबू तोडून चारही कमानींवरून लांबट आडवा टाकला, दोन्ही बाजूंना उतार दिला. अंगणात गाडी उभी करून दोन मोठ्या सरी पाहिल्या, पाणी आता थांबत नाही. मागून आडवा पाऊस आला तर मात्र फाळक्यापासून हातभर गादी अजूनही भिजते. तिथे खाली सोडायचा पडदा शिंप्याकडे टाकला आहे.