कोर्टातल्या मोफत वकिलाचा माझा अनुभव : घटस्फोट, पोरांचा ताबा, प्लॉट आणि सोनं

ज्या बाया माहेरी येऊन बसल्यात आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून केस टाकत नाहीयेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मीपण दीड वर्ष तशीच बसले होते.

नाव लांबलचक आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे जिल्हा कोर्टात याचं ऑफिस आहे आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. मी आमच्या जिल्ह्याला गेले, कुठला ते नाही लिहीत. बाईमाणसाला इथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, 1987 च्या कायद्यातच तसं आहे. हे मला आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं, तोपर्यंत मला वाटायचं पिवळं रेशन कार्ड असेल तरच देतात.

त्याआधी एका खाजगी वकिलाला पंधरा हजार दिले होते. भावाने कापसाच्या पैशातून दिले होते ते. ते वकील पहिल्याच दिवशी म्हणाले काळजी करू नका, अर्धी शेती तुमची, मिळवून देतो. आम्ही सगळे खूश. आठ महिन्यात एक नोटीस गेली फक्त, मग फोनच उचलेनात.

प्राधिकरणात अर्ज दिला, आधार, लग्नपत्रिका, लग्नाचे दोन फोटो आणि पोरांचे जन्मदाखले जोडले आणि दहाबारा दिवसांनी पॅनलवरच्या एक वकील मॅडम नेमून दिल्या. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, ताई, नवऱ्याच्या नावावरचं निम्मं आपोआप बायकोला असा कायदा आपल्याकडे नाहीच. शेती सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यातून तुम्हाला हिस्सा मिळणार नाही, ती आशा सोडा. मी त्या दिवशी एसटीत रडत घरी आले खरं सांगते. पण नंतर कळलं की एवढ्या दिवसात मला खरं सांगणाऱ्या त्या पहिल्या, आणि मी देतेय ते पाचपैकी चार स्टार मुख्य यासाठीच आहेत.

मग काय मिळू शकतं तेपण त्यांनीच एकेक करून सांगितलं. सासऱ्यांच्या शेतीचा सातबारा आणि जुने फेरफार काढायला लावले कारण जमीन वडिलोपार्जित आहे की सासऱ्यांनी खरेदी केलेली ते त्यावरून कळतं, आणि वडिलोपार्जित असेल तर पोरांचा हक्क जन्माने आहे, मुलीचापण, तो आईबापाच्या घटस्फोटाने जात नाही. आमच्याकडे पाच एकर आजोबांकडून आलेली निघाली. प्लॉट मात्र दोघांच्या नावावर होता, त्यात मी मालकीणच. आणि सोनं. लग्नातलं माझ्या अंगावरचं चार तोळे सासूबाईंकडे होतं. मी तर म्हणत होते जाऊद्या, सुटका होऊदे फक्त, तर माय म्हणाली, "सोनं तुनं शे, ते कसाले सोडस?" मॅडमपण तेच म्हणाल्या, स्त्रीधन हे बाईचंच, सुप्रीम कोर्टाने 1985 लाच सांगितलंय. लग्नाच्या अल्बममधून कुठला दागिना कुठल्या फोटोत दिसतो अशी यादी आम्ही केली, दोन पावत्या सराफाकडे सापडल्या.

पोटगीला नवऱ्याने सांगितलं माझ्या नावावर काही नाही, मी बेरोजगार. आता 2020 पासून दोघांनाही आपली कमाई, मालमत्ता आणि कर्ज याचं प्रतिज्ञापत्र कोर्टात द्यावं लागतं. त्याच्यासोबत बँकेचं स्टेटमेंट आलं आणि कापूस विकल्याचे पैसे त्याच्याच खात्यात जमा दिसले. तारीख नसलेल्या दिवशीपण मॅडमनी त्या स्टेटमेंटवर पेनाने खुणा करून ठेवल्या होत्या, फुकटच्या केसला कोण एवढं करतं. केस चालू असेपर्यंतची पोटगी महिना सात हजार ठरली आणि अर्ज टाकला त्या तारखेपासून धरली.

पोरांचं मात्र सगळ्यात जास्त टेन्शन होतं. सासरचे म्हणायचे तुला कमाई काय, दोन ब्लाऊज शिवते, कोर्ट पोरं आम्हालाच देईल. तसं नसतं. बापाकडे पैसा जास्त म्हणून ताबा त्याला असं होत नाही, लेकराचं भलं कशात ते बघतात, खर्च बापाकडून घेता येतो. मुलगा तेव्हा चार वर्षांचा, पाचच्या आतलं लेकरू साधारणपणे आईजवळच ठेवतात. मुलगी नऊ वर्षांची, तिला न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलावून विचारलं, शाळा कुठली, मैत्रीण कोण, डबा कोण भरून देतं. बाहेर आली तर हातात चॉकलेट.

नंतर समुपदेशनाच्या वेळी नवरा एकच गोष्ट धरून बसला, कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाला, पोरं आमच्या घरी पाहिजेत. मला राग आला होता पण मॅडम म्हणाल्या, ताई, हे त्याचं मागणं वाईट नाहीये, पोरांना त्यांची कानबाई बघू द्या. मग कागदावर तसंच लिहिलं, कानबाईच्या शनिवारी संध्याकाळी नेणार, सोमवारी विसर्जन झालं की आणून सोडणार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरं माझ्याकडे. दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी, महिन्यातून दोन रविवार बापाकडे. तेवढ्यावरून तो नरमला आणि पुढे केस परस्पर संमतीवर आली. संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण दीड वर्षाच्या वर वेगळे राहत असाल आणि पोटगी, ताबा सगळं मिटलेलं असेल तर ते थांबणं माफ करायला कोर्टाला मागता येतं, 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने. आम्ही मागितलं, मिळालं. प्लॉट विकून निम्मे निम्मे घेतले, सोनं साडेतीन तोळे परत आलं, पोरांचा महिन्याचा खर्च ठरला.

आता एक स्टार का कापला. ऑफिसचा फोन लागत नाही, प्रत्यक्ष जावं लागतं, गावाकडून अडीच तास. तिकीट बायांना अर्धं आहे ते ठीक पण दिवसाची मजुरी बुडते ना. मॅडमकडे केसेस खूप, दोनदा त्या दुसऱ्या कोर्टात अडकल्या आणि माझी तारीख नुसती पुढे गेली, एकदा तर ते मला कोणी आधी सांगितलंसुद्धा नाही, मुलाला ताप असताना गेले होते मी. आणि बसायला बाक कमी, लेकरं घेऊन आलेल्या बाया जिन्यावर बसतात. हे सुधारायलाच पाहिजे, बायाच येतात तिथे जास्त. पॅनलचा वकील अजिबातच लक्ष देत नसेल तर बदलून द्या असा अर्ज तिथेच करता येतो, मला लागला नाही पण एका बाईला बदलून दिलेला पाहिला.

जाणार असाल तर आधी 15100 ला फोन करून विचारा, फ्री आहे. केस दाखल झाली की सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा कोर्टातला नंबर, मागून घ्या, अक्षरं आणि आकडे मिळून 16 असतात, ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते, मला हे चौथ्या तारखेला कळलं. महाराष्ट्रात अशा केसला बाईला कोर्ट फी माफ आहे, कोणी मागितली तर देऊ नका. आणि निकाल लागला की सर्टिफाईड नक्कल एक नाही, तीनचार काढून ठेवा. शाळेत, बँकेत, पासपोर्टला सगळीकडे मागतात आणि नंतर परत त्यासाठी जिल्ह्याला चक्कर होते.