लॅमिंग्टन रोडचा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर: सकाळी थरथरणाऱ्या जुन्या गाडीसाठी घ्यावा का?

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाईलवर दाखवणारी छोटी डबी. आधीच सांगून टाकतो, ती घ्याच. पण दुकानदार जे सांगतात ना, "गाडीत काय बिघडलंय ते सगळं मोबाईलवर दिसतं", त्यासाठी नाही. कारण वेगळंय आणि ते नीट समजलं तरच हे पैसे वसूल होतात.

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, आम्ही बोरिवलीला नॅशनल पार्कच्या बाजूला राहतो, कुलाब्यापेक्षा इकडे सकाळचा पारा बराच खाली असतो. तरी १५-१६ डिग्री म्हणजे इंजिनाच्या हिशोबात थंडी नाहीच हो, सांताक्रूझचा आजवरचा नीचांक ७.४ डिग्री आहे, तोही २२ जानेवारी १९६२ चा. त्यामुळे मुंबईत एखादी गाडी जानेवारीच्या सकाळी मिसिंग मारत असेल (म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून नीट पेटत नसेल) तर दोष थंडीचा नसतो, काहीतरी आधीच बॉर्डरवर आलेलं असतं आणि चार-पाच डिग्री उतरल्या की ते उघडं पडतं. माझी गाडी सेल्फला लगेच सुरू व्हायची, मग आरपीएम खालीवर, स्टिअरिंग थरथर, रेस दिली की एक गचका, आणि सिग्नल दोन सिग्नल पुढे गेलं की एकदम लोण्यासारखी. चेक इंजिनचा दिवा कधीच नाही.

आता खरी अडचण इथेच आहे. गॅरेज उघडतं दहा-साडेदहाला, तुम्ही गाडी चालवत नेता, म्हणजे मेकॅनिकच्या हातात येईपर्यंत इंजिन गरम आणि गाडी ठणठणीत. तो बिचारा काय बघणार, तो अंदाजाने सुरुवात करतो. माझ्याकडे एका गॅरेजमध्ये प्लग बदलले (ते तसेही बदलायचेच होते), थ्रॉटल बॉडी साफ केली, मग इंजेक्टर क्लीनिंग, आणि सकाळची थरथर जशीच्या तशी. पुढचा सल्ला होता चारही इग्निशन कॉइल बदला. त्याचा खर्च ऐकला आणि सरळ ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट गाठलं.

तिथे हे निळ्या रंगाचे ईएलएम३२७ (गाडीशी बोलणारी चिप) वाले छोटे स्कॅनर ढिगाने मिळतात, पाचशेच्या आतबाहेरपासून पुढे. जवळजवळ सगळे क्लोन, म्हणजे मूळ चिपची नक्कल आहेत. पाकिटावर व्हर्जन १.५ की २.१ यावर दुकानात भरपूर चर्चा चालते, पण १.५ नावाचं व्हर्जन मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं, तेव्हा त्या आकड्यावर विसंबू नका, २.१ लिहिलेल्यांमध्ये तर अर्ध्या कमांड न चालणारे बरेच निघतात. दुकानदाराला एकच विचारा, गाडीशी कनेक्ट नाही झाला तर बदलून देणार का. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ ४.० वाला मागून घ्या. गाडीचंही बघा, आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून, त्याआधीच्या काही गाड्या स्कॅनरला उत्तर देतात, काही देत नाहीत.

जोडणी सोपी. स्टिअरिंगखाली गुडघ्यापाशी १६ पिनचं सॉकेट असतं त्यात खोचायचा, फोनला पेअर करायचा (पिन १२३४ किंवा ००००), आणि कार स्कॅनर किंवा टॉर्कसारखं ॲप. माझा पहिल्या झटक्यात लागला. फॉल्ट कोड (गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाड) वाचले, एकही नाही. बरेच लोक इथेच निराश होतात आणि डबी ड्रॉवरमध्ये टाकतात, आणि मला हेच कळकळीने सांगायचंय की कोड सोडा, लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे) बघा, आणि तो बघा सकाळी, सेल्फ मारायच्या आधी.

गाडी रात्रभर उभी राहिली की कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं असायला हवं, दोन-तीन डिग्री इकडेतिकडे. चावी ऑनला ठेवली, इंजिन बंदच, आणि ॲपमध्ये दोन्ही आकडे शेजारी लावले. हवा १९, कूलंट ४१! रात्रभर उभ्या गाडीचं पाणी ४१ डिग्री असूच शकत नाही. कूलंटचा सेन्सर खोटं बोलत होता. आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याच सेन्सरवर विश्वास ठेवून ठरवतो की पेट्रोल किती सोडायचं, कारण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून जास्त सोडावं लागतं आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर गरम होऊन कामाला लागेपर्यंत त्याची चूक पकडणारं दुसरं कोणी नसतं. ईसीयूला वाटलं इंजिन कोमट आहे, पेट्रोल कमी पडलं, मिसिंग. कोड का नाही आला? कारण ४१ हा आकडा अशक्य कोटीतला नाही, सेन्सर पूर्ण तुटला असता किंवा शॉर्ट झाला असता तर कोड आला असता.

यावर लगेच पार्ट आणायला पळू नका. सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटरने ओहम मोजा, बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला साधारण दोन ते अडीच हजार ओहम आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास येतात, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलला ताडून घ्या. माझा २० च्या आसपास हजारसुद्धा दाखवत नव्हता. (आपल्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टरला गंज धरतो, पण गंजाने रोध वाढतो आणि गाडी स्वतःला आहे त्यापेक्षा थंड समजते, म्हणजे उलटा प्रकार, काळा धूर आणि पेट्रोलचा वास.) सेन्सर ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे मिळाला, कॉइलच्या खर्चापुढे किंमत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली, आरपीएम नेहमीसारखे वर जाऊन हळूहळू खाली आले, थरथर गायब.

मग आमच्या बिल्डिंगमधले काका आले, त्यांचीही सकाळची तीच तक्रार आणि वर ॲव्हरेज पडलेलं. त्यांच्या गाडीत सकाळचे दोन्ही आकडे बरोबर होते, पण वेस्टर्न एक्सप्रेस हायवेला दहिसरकडे गाडी मोकळी पळवली तरी कूलंट ६२-६५ च्या वर जाईना. थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नव्हता! "साहेब, मुंबईत थर्मोस्टॅट कशाला लागतो" म्हणून कोणीतरी कधीतरी काढून टाकलेला, हे आपल्याकडे सर्रास होतं आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण मग इंजिन कायम अर्धवट गरम, ईसीयू जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो आणि प्लग काळे पडतात. नवा बसवला, काका खूश.

हवेची गळती असेल तर तीही पकडता येते. इंजिन गरम झाल्यावर फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय तो आकडा) बघा, आयडलिंगला अधिक १५-२० टक्के आणि अडीच हजार आरपीएमला शून्याकडे येत असेल तर व्हॅक्यूमचा पाईप किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट तपासा. २०२३ पासून ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल यायला लागलं तसा जुन्या गाड्यांत ट्रिम थोडा वर दिसतो, ती गळती नाही. सीएनजी किट असेल आणि पेट्रोलवर सुरू होताना थरथरून गॅसवर गेल्यावर शांत होत असेल तर आधी पेट्रोलची बाजू बघा, इंजेक्टर न वापरल्याने चिकट होतात.

स्कॅनर काय दाखवत नाही तेही सांगतो. इंजिन माउंटिंगचं रबर कडक झालं असेल तर गाडी थरथरते आणि स्क्रीनवर सगळं छान. कॉम्प्रेशन कमी असेल तर फार तर मिसफायरचा कोड येईल, कारण कळणार नाही, त्याला गेजच लागतो. फ्युएल प्रेशरही बहुतेक जुन्या गाड्यांत दिसत नाही. त्यामुळे चांगला मेकॅनिक लागतोच, फक्त आता त्याच्यापुढे सकाळचा स्क्रीनशॉट ठेवता येतो, माझ्या मेकॅनिकने तो बघून कॉइलचा विषय स्वतःच बंद केला.

कोड आलेला असेल तर मेकॅनिकने बघेपर्यंत खोडू नका, त्याबरोबर कोड पडला त्या क्षणाची नोंदही पुसली जाते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो आणि तो खर्च फार मोठा आहे. आणि काम झालं की स्कॅनर सॉकेटमधून काढून ठेवा, गाडी बंद असतानाही तो करंट ओढतो, फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीची बॅटरी त्यात उतरते.