28 लिटरचा ओटीजी आणि आमचा नाताळचा केक

नागपूरच्या मोहननगरात आमच्या घरी नाताळचा केक विकत आणत नाहीत. करंज्या-अनारसे एखाद्या वर्षी कमी झाले तर चालतात, केक मात्र घरचाच लागतो. सासूबाईंच्या काळी घोळ घरी फेटून डबे सदर भागातल्या एका बेकरीत न्यायचे. रात्रीचे पाव निघाले की उरलेल्या आचेवर भट्टीत केक लागायचे, प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. मग बेकरीवाल्यांनी भट्टी मोडली आणि बाहेरचे डबे बंद झाले. दोन वर्षं गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वाळू घालून केक केला. तो होतो, पण बूड आधी करपतं आणि वरून पांढराफटक राहतो. शेवटी तीन वर्षांपूर्वी साडेसात हजारांना हा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुकानात पाहिलेले सगळे याच बांध्याचे होते.

पहिला धक्का प्लगचा. याला 1500 वॅट लागतात, म्हणजे साडेसहा अँपिअर. मिक्सरच्या 6 अँपिअरच्या पॉइंटमध्ये त्याच्या जाड पिना शिरतच नाहीत. पहिल्या वर्षी फ्रिजचा प्लग काढून तिथे ओव्हन लावला. डिसेंबरातल्या नागपुरात दोन-तीन तास फ्रिज बंद राहिला तर काही बिघडत नाही, नाहीतरी लोणी आम्ही उन्हात ठेवूनच मऊ करतो.

खरी तक्रार तापमानाची. फळांचा केक मंद आचेवर, 150 अंशांवर व्हायला हवा. बटण 150 वर लावलं, पन्नासाव्या मिनिटाला वरचा भाग काळा पडून तडकला, आणि विणायची सुई घातली तर ओला घोळ घेऊन बाहेर आली. सासूबाई काचेतून बघत म्हणाल्या, "बटनावर काय पाहून राहिली? आत पाय नं!" मग आत ठेवायचा थर्मामीटर आणला. बटण 150 म्हणतं तेव्हा आत 175 असतात. आता मी बटण 125 च्या आसपास ठेवते, फक्त खालचा रॉड लावते, डब्याला बाहेरून वर्तमानपत्राची दुहेरी घडी बांधते आणि तासाभराने वर फॉइलची टोपी घालते. पुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही. त्यात पिझ्झाचे फोटो आहेत.

टायमर 60 मिनिटांचाच. आमचा केक पावणेदोन तास घेतो, त्यामुळे टण्ण वाजलं की कोणीतरी धावत जाऊन पुन्हा फिरवायचा. एकदा सगळे कॅरल म्हणणाऱ्यांना चहा देण्यात गुंतलो आणि ओव्हन वीस मिनिटं बंद पडून होता. मधोमध खड्डा पडला.

शिवाय आठ इंची डबा एका वेळी एकच मावतो. अर्धा किलो मैद्याचे आमचे दोन डबे होतात. दुसऱ्याचा घोळ ताटकळत बसला की बेकिंग पावडरचा जोर आधीच निघून जातो, म्हणून आता लोणी-साखर-अंडी एकदम फेटते, पण मैदा आणि पावडर दुसऱ्या डब्याच्या वेळी वेगळी मिसळते.

एवढं असून ओव्हन काढून टाकावासा वाटत नाही. आच कळली की रंग सगळीकडे एकसारखा येतो, जो भट्टीतही प्रत्येक वेळी यायचा नाही. आणि संत्र्याच्या सालीचा वास घरात राहतो, तो पूर्वी बेकरीवाल्यांना मिळायचा! आंबिया बहाराची, म्हणजे नाताळाआधी येणारी, संत्री आली की आम्ही साली जमवतो. आपल्या संत्र्याची साल ढिली, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडला की निघतो. तीनदा पाणी बदलून उकळायची, नाहीतर केक कडू होतो. मग साखरेच्या पाकात काचेसारखी होईस्तोवर शिजवायची. ती घातली की बाजारच्या टुटीफ्रुटीची, म्हणजे रंगवलेल्या पपईची, आठवणही येत नाही.

नानकटाईला पाचपैकी साडेचार, नाताळच्या केकला तीन. थर्मामीटरचे चारशे रुपये किमतीतच धरा, आणि घरी आणण्याआधी 16 अँपिअरचा पॉइंट कुठे आहे ते बघून ठेवा. आमचा ओव्हन अजून फ्रिजच्याच जागी लागतो.